हात दिसला की ब्रेक

तुर्कस्तानातल्या एयिर्दिर ते इस्पार्ता या रस्त्यावर हात वर करायचा तर विचार करून करावा, असं आमच्याकडे लोक एकेकाळी म्हणायचे. कारण हात वर झाला की पेरिहान आपली प्रवासी गाडी थांबवायची. गाडी पकडायची म्हणून केलेला हात असो, सफरचंदाच्या बागेत कुणी आळस देत असो, नाहीतर नाकापुढची गांधीलमाशी हाकलत असो, तिला सगळं सारखंच. कचकन ब्रेक, दार उघडं, आणि वर दटावणी, "चढ लवकर, आतले लोक खोळंबलेत!" माणूस बिचारा ओशाळून चढायचा. काही काम नसताना इस्पार्त्याला जाऊन आलेली माणसं आमच्या गावात डझनावारी सापडतील.

एकदा धुक्यात ती एका बुजगावण्यासाठी थांबली होती. तिचा नवरा मुहर्रेम हा किस्सा पंधरा वर्षं सांगतोय आणि दर वर्षी त्यात पदरची भर घालतोय. पहिल्या वर्षी ती नुसती थांबली होती. तिसऱ्या वर्षी तिने दार उघडलं. आता तर बुजगावणं मागच्या सीटवर बसून इस्पार्त्याला उतरतं आणि जाताना सलामही करतं.

गाडी खरं तर मुहर्रेमची. चौदा सीटची पांढरी मिनीबस, आमची दोल्मुश, तुम्ही वडाप म्हणा. त्याच्या कमरेने संप पुकारला तेव्हा पेरिहान पंचवीस वर्षांची होती. एक दिवस ती किल्ली घेऊन सरळ स्टँडवर गेली. बाकीचे ड्रायव्हर हातात चहाचे पेले धरून बघतच राहिले. एक जण म्हणाला, "वहिनी, चुलीपाशी बरं नव्हतं का?"

"चूल जागची हलत नाही भाऊजी. तुमच्या गाडीसारखी," पेरिहान म्हणाली आणि पहिली फेरी घेऊन गेली. पुढची बावीस वर्षं त्या स्टँडवर कुणी परत तोंड उघडलं नाही.

डिझेल वाचवण्यात तिचा हात धरणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. खिंडीच्या माथ्यावर ती पाय काढून घ्यायची आणि गाडी उताराच्या हवाली करायची, ती थेट तळ्याच्या काठापर्यंत. कुठला उतार किती नेईल, कुठे वारा पाठीत येतो, कुठलं डांबर गुळगुळीत आहे, हे तिला तळपायातून कळायचं. कंगवा हरवला तर सापडायचा नाही बाईला, पण रस्त्यातला खड्डा कधी चुकला नाही.

मग मोठ्या बस आल्या. त्या फक्त थांब्यावर थांबतात. हात करा, नाचा, फेर धरा, ड्रायव्हर ढुंकून बघत नाही. वडापचा रस्ता बंद झाला, गाडी एका भाजीवाल्याकडे गेली आणि सत्तेचाळीस वर्षांची पेरिहान घरी बसली. बसली कसली! भांडी घासताना उजवा पाय जमिनीवर दाबत राहायची. मुहर्रेम म्हणायचा, "अगं, ओट्याला ब्रेक नसतो." शेवटी एक दिवस तिने चिडून टॉवेल फेकला आणि इस्पार्त्यातल्या दोन वर्षांच्या तंत्रशाळेत, मोटारगाड्यांच्या वर्गात, नाव घालून आली. बावीस वर्षं बॉनेटमागे बसून काढली, आता आत काय आहे ते तरी बघू, असं तिचं म्हणणं.

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं, बाई आल्या. ती जाऊन मागच्या बाकावर बसली तेव्हा खसखस पिकली. तुनाहान नावाचा एक ताडमाड मुलगा अदबीने म्हणाला, "मावशी, इथे पुढे बसा ना, फळा दिसेल."

"मावशी तुझी घरी असेल. मी ताई. आणि फळा मला दिसतो, तुझं डोकं मध्ये नसलं तर."

त्या दिवसापासून ती सगळ्यांची ताई झाली.

या तंत्रशाळेत पोरांनी उन्हावर चालणारी एक गाडी बनवली होती. नाव एल्मा, म्हणजे सफरचंद. कारण आमच्याकडे दुसरं काही सुचतच नाही. तीन चाकं, एक सीट, पाठीवर काळ्या काचेचे सौर तुकडे, आणि सगळं मिळून वजन एका गाढवापेक्षा कमी. दर वर्षी इझमितच्या खाडीजवळच्या शर्यतीच्या मैदानावर देशभरातल्या विद्यार्थ्यांच्या अशा गाड्या जमतात. तिथे कोण जोरात पळतो याला किंमत नाही. सगळ्यांना सारखीच छोटीशी बॅटरी मिळते, बाकी जे काय असेल ते आकाशातून घ्यायचं, आणि तासाभरात वीस फेऱ्या पुऱ्या करायच्या. ज्याने कमीत कमी वीज खाल्ली तो पुढे. एल्मा तीन वर्षं गेली आणि तीन वर्षं मध्येच बसली. एकदा तर सहाव्या फेरीत. पोरांनी ती ढकलत आणली तेव्हा शेजारच्या तंबूतल्यांनी विचारलं होतं, सफरचंद किडकं निघालं का?

पेरिहान त्यांच्या कार्यशाळेत शिरली ती पोरांना बोरेक, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत वड्या, खायला घालायला. पोरं बोटं चाटत होती आणि ती खिडकीतून पटांगणात गाडी चालवणाऱ्या तुनाहानकडे बघत होती. दोन फेऱ्या तिने सोसल्या. तिसरीला राहवेना.

"अरे, काय तो पाय! उतारावर सुद्धा वीज देतोय. तुझ्या बापाचा धबधबा आहे का?"

संघाचे सर होते रुक्नेत्तिन. काटकुळा माणूस, हसण्याचं वावडं, आकड्याखेरीज कशावर विश्वास नाही. ते म्हणाले, "पेरिहानबाई, बोलणं सोपं असतं. बसा आत."

बसली. आधी तुनाहानच्या दहा फेऱ्या पुऱ्या झाल्या, मग दहा तिने केल्या. इल्गाझ नावाची मुलगी सगळे हिशेब लॅपटॉपवर ठेवायची. तिने आकडा बघितला, चष्मा पुसला, परत बघितला. तुनाहानला शंभर लागले तिथे ताईला एकाहत्तर लागले होते.

"माशाल्ला!" तुनाहान ओरडला. त्याला राग यायला हवा होता, पण त्याचे गुडघे त्या गाडीत कानाला लागायचे. "ताई, तूच चालव. मी नुसता ढकलतो. त्यात माझा अनुभव दांडगा आहे."

अशी पेरिहान एल्माची चालक झाली. तिला कोण आनंद झाला म्हणून सांगू! घरी येऊन तिने मुहर्रेमला स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं, त्याच्या कमरेची पर्वा न करता. मग दोन दिवस त्याच्या पाठीला मलम चोळत बसली.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काय खोटं आहे?

पहिल्या मोठ्या सरावात इल्गाझ कडेला उभी होती. "पाच फेऱ्या झाल्या" हे सांगायला तिने पाच बोटं वर केली. एल्मा वळली, उजवा दिवा लुकलुकला, गाडी अगदी इल्गाझच्या पायाशी येऊन थांबली आणि पेरिहानचा हात दाराची कळ शोधायला लागला.

"ताई! काय झालं?"

"कुठे जायचंय?" असं पेरिहान विचारून गेली, आणि मग जीभ चावली.

पोरं हसून हसून लोळली. दुसऱ्या दिवशी एकाने टोपी सावरायला हात वर नेला, गाडी थांबली. तिसऱ्या दिवशी तुनाहानला चेष्टा सुचली. हेल्मेटातल्या फोनवरून तो वडापातल्या म्हातारीच्या आवाजात म्हणाला, "ड्रायव्हरबाई, सोयीच्या जागी उतरायचंय!" एल्मा अलगद कडेला लागली. पेरिहान तर मागे वळून बघत होती, कोण उतरतंय ते.

या वेळी सर हसणाऱ्यांवर खेकसले. "यात हसण्यासारखं काय आहे? थांबलेली गाडी परत हलवायला अर्ध्या फेरीची वीज जाते. बॅटरीत आपल्याकडे वीस फेऱ्यांच्या वर एक थेंब नाही." मग ते तिच्याकडे वळले. "पेरिहानबाई, तुमच्यासारखा पाय मी पाहिला नाही. पण आता एकदा जरी थांबलात, तर तुनाहान बसेल. मी दुसरं काही करू शकत नाही."

पेरिहान हेल्मेट काढून गाडीतून उतरली. तिला फार लागलं. वडाप गेलं तेव्हा ती रडली नव्हती, पण त्या दिवशी बसमधून घरी जाताना खिडकीकडे तोंड करून रडली. या वयात परत एकदा कुणीतरी तिच्या हातात चाक दिलं होतं, आणि ते तिच्याच चांगल्या सवयीपायी जाणार होतं.

मुहर्रेमने उपाय काढला. शेजाऱ्याची गाडी मागून आणली, तळ्याकाठच्या रस्त्यावर स्वतः हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "मला सोडून निघून जा. शंभर वेळा जा. मोडेल सवय."

पहिल्या खेपेला ती थांबली. दुसऱ्या खेपेलाही थांबली.

"अगं बाई, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, माझ्या शब्दासाठी कधी थांबली नाहीस! आज बरी थांबतेस?"

"मला नाही जमत, मुहर्रेम. हात करून उभ्या माणसाच्या तोंडावरून गाडी कशी न्यायची? तो मागे आरशात लहान लहान होत जातो ना, ते बघवत नाही."

"मग आरशात बघू नकोस. आणि मी काही लहान होत नाही, माझं पोट बघ."

ती हसली आणि हसता हसता त्याच्या पुढून गेली. विसाव्या खेपेला तिचा पाय नुसता ब्रेककडे वळला. चाळिसाव्याला तेही राहिलं. मुहर्रेमचा हात मात्र आठवडाभर खाली येईना. रस्त्याने जाणाऱ्या मोठ्या बसने एकदाही त्याच्यासाठी ब्रेक लावला नाही, हे त्याने सगळ्या गावाला सांगितलं.

इझमितला पोचल्यावर तपासणी. नियम असा की चालक सत्तर किलोचा हवा, कमी पडेल तेवढं वजन गाडीत घालायचं. पेरिहान त्रेपन्न. सगळे संघ वाळूच्या पिशव्या घेऊन आले होते. तपासनिसाने एल्मातली पिशवी उघडली आणि आत बोट घातलं.

"हे काय आहे?"

"सतरा किलो बुलगूर," पेरिहान म्हणाली. "वाळूचं शर्यतीनंतर काय करू? याचा पुलाव होईल. संध्याकाळी ये."

तपासनिसाने नियमांचं पुस्तक पुढून मागे, मागून पुढे चाळलं. बुलगूर, म्हणजे गव्हाचा दलिया, चालत नाही असं कुठे लिहिलेलं नव्हतं.

शर्यतीच्या सकाळी आकाश स्वच्छ होतं. संघाने शपथ घेतली होती, कडेला कुणी हात वर करायचा नाही. केस विस्कटले तर विस्कटू देत. झेंडेवाला मैदानाचा, त्याच्याकडे लाल-हिरवे झेंडे, त्याची पेरिहानला भीती नव्हती. झेंडा म्हणजे काही प्रवासी नव्हे. गाड्या सुटल्या. एल्मा आवाज न करता निघाली, मांजर ओट्यावरून उतरावं तशी.

आणि इथे मुहर्रेमने घोळ घातला. कौतुक डोक्यात गेलं की माणूस असाच करतो. त्याने बायकोला न सांगता भाजीवाल्याकडून ती जुनी पांढरी मिनीबस मागून घेतली होती आणि त्यात रोजचे जुने प्रवासी भरून, कमरेला पट्टा आवळून रात्रभर गाडी हाणत आणले होते. सफरचंदांचा दलाल, दवाखान्यातली नर्स, न्हावी, दर गुरुवारी बाजाराला जाणारी ऐंशी वर्षांची सिद्दिका आजी, असे मुहर्रेम धरून सोळा जण. सीट चौदा होत्या, हे सांगायला नकोच. सोळाही जण सूर्यफुलाच्या बिया फोडत, शेवटच्या रेषेपाशी, पहिल्या रांगेत. एल्मा पहिल्या फेरीला वळणावरून आली तशी सगळी उठली आणि सोळांच्या सोळांनी हात वर केले.

"पेरिहान! पेरिहान! इकडे!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पेरिहानने बघितलं. ओळखीचे हात, ओळखीचे चेहरे, बावीस वर्षं रस्त्याच्या कडेला उभे राहिलेले. मुहर्रेमच्या चाळीस खेपा वाहून गेल्या. पाय आपोआप ब्रेकवर गेला, उजवा दिवा लुकलुकला. एल्मा हळू झाली, आणखी हळू झाली. मागच्या गाड्या भराभर बाजूने निघून गेल्या.

"ताई, नको! ताई, चल!" हेल्मेटात इल्गाझ किंचाळत होती. तंबूत सरांनी डोळे मिटून घेतले.

चाकं आता थांबणार, तेवढ्यात पेरिहानने डोळे समोर रोवले, दात ओठ खाल्ले आणि पाय ब्रेकवरून उचलून विजेवर ठेवला. "माफ करा रे," ती हेल्मेटातच पुटपुटली. "गाडी भरलीय." एल्मा रखडत रखडत पुढे गेली.

थांबली नव्हती. पण अर्ध्या फेरीची वीज गेली ती गेलीच.

इल्गाझ लॅपटॉप तिथेच टाकून धावत सुटली ती थेट त्या सोळा जणांपुढे. "हात खाली! सगळ्यांनी हात खाली! तुम्ही हात केलात की ती थांबते!"

सोळा जणांच्या तोंडचं पाणी पळालं. मुहर्रेमचा चेहरा तर पांढराफटक.

"बरं, मग टाळ्या?" सिद्दिका आजीने विचारलं.

"टाळ्या पण नाही, आजी. टाळ्यांना हात वर जातात."

"मग आम्ही एवढ्या लांब आलो कशाला?"

"हातांवर बसायला," इल्गाझ म्हणाली.

आणि बसले हो! सोळा माणसं आपापल्या हातांवर बसली. बिया तशाच राहिल्या. एल्मा समोरून जायची, आणि बाकीचं मैदान ओरडत असताना ही रांग ओठ मिटून, माना ताणून, नुसते डोळे फिरवायची. पेरिहानला पुढच्या फेरीला ते दिसलं. तिला एवढं हसू फुटलं की काच धुकटली.

चौदाव्या फेरीला ढग आला. एकच, पण बरोबर मैदानावर, जसा काही पत्ता विचारून आला. सौर तुकडे झोपी गेले. इल्गाझने हिशेब मांडला आणि फोनवर तिचा आवाज बारीक झाला. "ताई, अर्धी फेरी कमी पडते. काही केलं तरी कमी पडते."

"लॅपटॉपला विचार, मागच्या बाजूचा चढ संपला की रेषेपर्यंत उतार किती आहे."

"उतार फार नाहीये ताई. डोळ्याला दिसत सुद्धा नाही."

"डोळ्याला नसेल दिसत. माझ्या पायाला दिसतो."

पुढच्या पाच फेऱ्यांत तिने काय केलं ते सर अजून वर्गात शिकवतात. प्रत्येक वळणाला ब्रेकला शिवायचं नाही, प्रत्येक चढाला हवी तेवढीच वीज, माथा आला की पाय वर. वारा पाठीत आला की ती सीटमध्ये ताठ बसायची, म्हणे त्याने गाडी ढकलली जाते. बंद गाडीत बसून! याला आकड्यांत काही आधार नाही, पण त्या दिवशी तिला कोण सांगणार? तंबूत सगळ्यांचा जीव टांगणीला. तुनाहान नखं खाऊन संपवून दुसऱ्याच्या नखांकडे बघत होता.

विसाव्या फेरीला, चढाच्या माथ्यावर, बॅटरीचा काटा पडला. मोटार गप्प झाली. पेरिहानने पाय अलगद वर घेतला आणि खिंडीच्या माथ्यावर रोज म्हणायची तेच म्हणाली, "बिस्मिल्ला, सुटली."

एल्मा सुटली. नुसती घरंगळत. पहिल्यांदा बरी, मग बैलाच्या चालीने, मग म्हाताऱ्याच्या. रेषा शंभर पावलांवर, साठ पावलांवर, तीस.

तेवढ्यात कुठून तरी एक गांधीलमाशी आली आणि सिद्दिका आजीच्या नाकावर बसली.

पंधरा जणांनी श्वास रोखले. आजीने डोळे तिरळे करून माशीकडे बघितलं. माशीने नाकावर एक चक्कर मारली. आजीचे हात मांडीखाली होते आणि ते तिथेच राहिले. एल्मा दहा पावलांवर होती. माशी चावली. आजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण हात हलला नाही. आयुष्यात त्या रस्त्यावर गांधीलमाशी हाकलण्यापायी ती तीनदा इस्पार्त्याला जाऊन आली होती, तिला हाताची किंमत माहीत होती.

चार पावलं. दोन. एल्माचं नाक रेषेवर आलं, जरा घुटमळलं, आणि पलीकडे गेलं.

"झालं!" इल्गाझने फोनमध्ये एवढ्या जोरात आरोळी ठोकली की पेरिहानला दोन दिवस एका कानाने ऐकू येत नव्हतं. "ताई, झालं! पोचलीस!"

आता कुणाला धरबंध राहणार? सोळाच्या सोळा उठले आणि बत्तीस हात वर गेले. आजीचे तर सगळ्यांत उंच, आणि मध्ये बटाट्याएवढं नाक.

पेरिहानने ते बघितलं. उजवा दिवा लुकलुकला. रेषेपलीकडे सात पावलांवर, रांगेच्या अगदी समोर, तिने मनसोक्त, जीव लावून, कचकन ब्रेक दाबला.

मैदानाचा झेंडेवाला धावत आला. "बाई, इथे थांबायचं नाही! पुढे घ्या, पुढे!" झेंडे टाकून तो दोन्ही हात डोक्यावर नाचवत होता.

"अरे थांबलेय ना, बाबा," पेरिहान म्हणाली. "हात कशाला दुखवतोस?"

मग तिने झाकण वर केलं, हेल्मेट काढलं, आणि घामाने चिकटलेले केस मागे सारत त्या एका सीटच्या गाडीतून, सतरा किलो बुलगुराच्या पिशवीवर हात थोपटत, ओरडली, "चढा, चढा लवकर! मागे सरका, मागे जागा आहे!"

नंबर नववा आला. आमच्याकडे ते कुणी विचारत नाही. संध्याकाळी पुलावाला तपासनीस आला होता, त्याने दोनदा वाढून घेतलं. आणि परत जाताना त्या पांढऱ्या मिनीबसच्या चाकावर कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. मुहर्रेम शेजारी बसला. सोळांचे आता सतरा झाले होते, गाडीत मुंगीलाही जागा नव्हती, तरी घरी पोचायला भलताच उशीर झाला. रस्त्यात लोक हात करत होते.